सत्तर नंबरची ट्यूब

ओझरच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं एकच काम केलं. मोजायची साधनं खरं बोलतात की नाही, ते तपासायचं. दाब दाखवणारे काटे, तापमापक, केसाएवढी जाडी मोजणारे मायक्रोमीटर आमच्या खोलीत यायचे. आम्ही ते पक्क्या मापाशी लावून बघायचो आणि जे बरोबर निघेल त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायचो. निवृत्त झालो तेव्हा ही सवय घरी घेऊन आलो. वाण्याचा काटा मी उगाचच वाकून बघतो. बायको म्हणते, मला ताप आला तरी मी आधी थर्मामीटरवर संशय घेतो.

ती खेळाची शिक्षिका. मुलींच्या एकाच शाळेत तिची अठ्ठावीस वर्षं गेली. खो-खो म्हणजे तिचा जीव की प्राण. शाळा भरायच्या आधी मैदानावर, शाळा सुटल्यावर पुन्हा मैदानावर. गळ्यात शिट्टी, ओढणी कमरेला बांधलेली, डोक्यावर काही नाही. मुलींना टोपी घाला म्हणून ओरडायची आणि स्वतः उघड्या डोक्याने उभी राहायची. तिचे हात कोपरापर्यंत एका रंगाचे आणि वर दुसऱ्या रंगाचे होते. मी तिला चिडवायचो, "तुला ऊन लागत नाही, तूच उन्हाला लागतेस." आज ते वाक्य आठवलं की बरं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिच्या दोन्ही गालांवर लाली आली. आधी आम्हाला वाटलं, घामोळ्यासारखं काहीतरी असेल. मग बोटांचे सांधे दुखायला लागले. सकाळी तिला कुकरचं झाकण लावता येईना. एक दिवस ओट्याशी उभी राहून ती झाकणाकडे नुसती बघत होती. मी लावून दिलं. त्याच आठवड्यात गंगापूर रोडवरच्या कातडीच्या डॉक्टरणीकडे गेलो. डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढी. तिने रक्त तपासलं, गालाच्या कडेचा कातडीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आठवड्याने आम्हाला समोर बसवून सांगितलं की हा ल्युपस आहे. शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार. गोळ्या लागतील, बराच काळ लागतील, पण काबूत ठेवता येतो.

"आणि ऊन," डॉक्टर म्हणाली. "काकू, ऊन तुम्हाला अजिबात चालणार नाही. उन्हाने हा आजार चाळवतो."

बायकोने फक्त एक प्रश्न विचारला. "म्हणजे मैदान बंद?"

"दुपारचं तरी बंद. बाकीच्या वेळी अंग झाकून, छत्री घेऊन, आणि सनस्क्रीन लावून."

स्कूटरवरून घरी येताना तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि पुढे ओढून चेहरा झाकला. तीसेक वर्षं ती माझ्यामागे बसते आहे. सिग्नलला थांबलो की सतत काहीतरी बोलत असते. त्या दिवशी कॉलेज रोडच्या तीनही सिग्नलना तिने फक्त ओढणी आणखी पुढे ओढली.

डॉक्टरने दिलेल्या सनस्क्रीनच्या ट्यूबवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव ते सांगणारा, पन्नास आकडा होता. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ती बोटावर हरभऱ्याएवढं क्रीम घ्यायची आणि गालांना, नाकाला, कपाळाला पुसायची. गोळ्या सुरू होत्याच. दिवाळीपर्यंत लाली बसली. सांधे मोकळे झाले. थंडीत ती पुन्हा कुकर लावायला लागली, आणि झाकण लागल्यावर माझ्याकडे बघून भुवया उडवायची. आम्हाला वाटलं, जिंकलो.

जानेवारीत तिचा वाढदिवस होता. तिच्या संघातल्या मुलींना बाईंच्या आजाराचं कळलं होतं. बाईंना उन्हाचं क्रीम लागतं एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं. सगळ्यांनी मिळून एक भेट आणली. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या दोन मोठ्या पिवळ्या ट्यूबा. त्यावर आकडा होता सत्तर. संघाची कप्तान म्हणजे दिंडोरीकडची एक उंच, काटक मुलगी, पंचवटीत मावशीकडे राहून शिकणारी. ती म्हणाली, "बाई, तुमचं पन्नासवालं हाय ना, हे सत्तरवालं हाय. लय भारी हाय. मोबाइलवर सगळे हेच दाखवतात."

बायकोने त्या दोन ट्यूबा घरी आणल्या तेव्हा तिचा चेहरा असा होता की जणू विभागीय ढाल आणली. एक तिने आरशासमोर ठेवली. दुसरी शाळेत, मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, खेळाच्या सामानाबरोबर. दुपारी पुन्हा लावायला लागलं तर हाताशी असावी म्हणून. डॉक्टरची ट्यूब कपाटात गेली. मी विचारलं, "ती का बंद केलीस?"

"अहो, पन्नासपेक्षा सत्तर मोठं ना? की त्यावरही तुमचा संशय?"

मार्च संपता संपता लाली परत आली. आधी गालांवर फिकट, मग मानेवर मागच्या बाजूला, केसांखाली. तिला रात्रभर खाज यायची. सांधे पुन्हा धरायला लागले. एका रविवारी तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला, कारण तो धरवत नव्हता, आणि म्हणाली, "सत्तरवालं लावतेय तरी."

त्या 'तरी'ने माझ्या डोक्यात घर केलं. मी ती पिवळी ट्यूब उचलली आणि चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचली. सत्तर. हे सत्तर म्हणजे सत्तर काय? कुणी मोजलं, कशाने मोजलं, केव्हा मोजलं? आमच्या खोलीत असं साधन आलं असतं तर साहेबांनी परत पाठवलं असतं. मी मोबाइलवर वाचत बसलो. बाहेरच्या देशांत लोकांनी दुकानातली सनस्क्रीन विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा काही ट्यूबा छापलेल्या आकड्याच्या पुष्कळ खाली निघाल्या, असं वाचलं. मग तर मला चैनच पडेना.

ट्यूबच्या मागे तक्रारीचा फोन नंबर होता. लावला. एका मुलीने गोड आवाजात उचलला.

"सर, आमचं प्रॉडक्ट डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड आहे."

"ते छापलंय. पण सत्तर आकडा कसा काढला?"

"लॅबमध्ये सर."

"कुणाच्या अंगावर?"

"सर, असं कुणी विचारलेलं नाही मला. मी तुमची शंका वरती पाठवू का?"

"पाठवा. आणि मला तो चाचणीचा कागद मिळेल का?"

"बघते सर. सर, तुम्हाला काही त्रास झालाय का?"

"मला नाही. माझ्या बायकोला."

"काळजी घ्या सर त्यांची," ती म्हणाली, आणि ते तिने कागदावरचं वाचून दाखवलेलं वाटलं नाही. कागद मात्र काही आला नाही.

मग मी ठरवलं की आपणच तपासायचं. वाचनात आलं होतं की आकडा काढताना कातडीच्या दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात. माझ्याकडे एवढं बारीक तोलायला काही नव्हतं. तसं असतं ते सोनाराकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आरशासमोर असताना मी बटर पेपरचा तुकडा पुढे केला.

"तुझ्या बोटावरचं क्रीम इथे पूस."

"आता हे काय नवीन?"

"पूस तर."

तिने पुसलं, दुसरं बोटावर घेतलं आणि शाळेत गेली. मी तो कागद आणि डॉक्टरची व मुलींची अशा दोन्ही ट्यूबा घेऊन सराफ बाजारात गेलो. ओळखीचं एक छोटं दुकान आहे, तिच्या मंगळसूत्राची वाटी तिथे सांधून घेतली होती. गादीवरच्या माणसाने विचारलं, "काका, सोन्याची मोड आणलीय का?"

"मोड नाही. हे तोलायचंय."

त्याने कागदाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"क्रीम. बायकोचं."

त्याने आणखी काही विचारलं नाही. काचेच्या पेटीतला काटा शून्यावर आणला, कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं आणि आकडा वाचला. मी मनात गणित केलं. चेहरा आणि मान मिळून जेवढं लागायला हवं होतं, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं ती लावत होती. मग मी त्याच्याकडून प्रत्येक ट्यूबमधलं दोन-दोन मापांचं क्रीम कागदावर तोलून घेतलं, एक पूर्ण मापाचं, एक तिच्या मापाचं. सोन्याच्या दुकानात एवढ्या काळजीने त्याने कधी क्रीम तोललं नसेल. पुड्या बांधून देताना म्हणाला, "काकूंना बरं नाही का?" मी हो म्हणालो.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. तिची शाळा सकाळची, पण परीक्षांमुळे तिला तीन-साडेतीनपर्यंत थांबावं लागायचं. साडेअकराला मी गच्चीवर गेलो. डाव्या हाताची आतली बाजू, जिथे ऊन फारसं पोचत नाही, तिथे जाड कापडाची पट्टी बांधली. तिला पाच चौकोनी खिडक्या कापल्या होत्या. पहिली खिडकी कोरी. दुसरीत डॉक्टरच्या पन्नासचं पूर्ण माप, तिसरीत मुलींच्या सत्तरचं पूर्ण माप. चौथीत पन्नास आणि पाचवीत सत्तर, पण बायकोच्या हातचं, म्हणजे चौथा हिस्सा. पुड्या उघडताना एक गोष्ट ध्यानात आली. आरशासमोरची संपली म्हणून शाळेतली पिवळी ट्यूब तिने पिशवीतून घरी आणली होती; मी सोनाराकडे नेली ती हीच. त्यातलं क्रीम फुटलं होतं. वर पाणी, खाली दाट गोळा. तोलताना सोनारही म्हणाला होता, "हे फाटलंय का दुधासारखं?"

डोक्यावर ओला टॉवेल, अंगावर चादर, शेजारी पाण्याचा तांब्या आणि एक हात खुर्चीच्या दांडीवर उताणा. असा मी बसलो. पहिला अर्धा तास मजा वाटली. मग हात चुरचुरायला लागला. समोरच्या गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, पापड वाळवताय की हात?" मी म्हणालो, "हात." त्या हसत खाली गेल्या आणि पंधरा मिनिटांनी ताकाचा पेला देऊन गेल्या.

अडीच तास होत आले होते. जिन्यात पावलं वाजली. बायको लवकर सुटली होती. दारात उभी राहिली, पिशवी अजून खांद्यावरच.

"अहो, हे काय चाललंय?"

मी सांगितलं. खिडक्या, मापं, सोनार, सगळं. ती ऐकत पुढे आली, माझा हात धरला आणि कापड सोडलं. पहिल्या खिडकीत कातडी विटकरी रंगाची झाली होती. बोट लावलं तरी कळ येत होती. पन्नासच्या पूर्ण मापाची खिडकी माझ्या नेहमीच्या कातडीसारखी. सत्तरच्या पूर्ण मापाच्या खिडकीत मात्र गुलाबी डाग उमटला होता. आणि तिच्या मापाच्या दोन्ही खिडक्या लालसर होत्या, सत्तरची जास्त.

"बघ," मी म्हणालो. मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं सिद्ध केलंय. "सत्तर खोटं आहे."

ती माझ्या हाताकडे बघत होती. "वेड लागलंय का तुम्हाला? साठीला आलेला माणूस असा भाजून घेतो?" मग तिचा आवाज बारीक झाला. "पोरींनी पैसे साठवून आणलंय ते."

तिने गच्चीतल्या कुंडीतली कोरफड कापली, खाली येऊन गर काढला आणि माझ्या हातावर थापला. थापताना तिची बोटं आखडत होती. मी म्हणालो, "राहू दे, मी लावतो." ती म्हणाली, "गप्प बसा." आणि गर सुकेपर्यंत हात धरून बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही गेले पंधरा दिवस ट्यूबकडेच बघताय. माझ्याकडे बघितलंय का?"

खरंच होतं तिचं. ट्यूब खोटी आहे, फोनवरची मुलगी टाळतेय, आकडा चुकलाय, या सगळ्याशी मला भांडता येत होतं. तिच्या आखडलेल्या बोटांशी भांडता येत नव्हतं, म्हणून मी तिकडे बघायचंच टाळत होतो.

दोन दिवसांनी आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. बायकोने मला बाही वर करायला लावली. "आधी यांचं बघा," म्हणाली. डॉक्टरने माझे पाच चौकोन पाहिले आणि खो-खो हसत सुटली. मग भिंग घेऊन नीट पाहिले.

"काका, लॅबमध्येही साधारण असंच करतात. माणसांच्या पाठीवर चौकोन आखतात, ठरलेल्या जाडीचा थर देतात, दिव्याचा प्रकाश सोडतात, आणि कातडी लाल व्हायला किती पट जास्त वेळ लागला ते मोजतात."

"म्हणजे मापक शेवटी माणसाची कातडीच?"

"हो. आणि प्रत्येक माणसाची वेगळी. म्हणून बऱ्याच जणांवर करून सरासरी काढतात. तुम्ही एकाच हातावर केलंत. शिवाय अडीच तासांत पंधराचं क्रीम कोणतं आणि पन्नासचं कोणतं, हे तुम्हाला कळणारच नाही. दोन्ही खिडक्या स्वच्छच राहतील."

"पण सत्तरची तर पूर्ण मापालाही लाल झाली."

"तेच तर. याचा अर्थ त्या ट्यूबमध्ये आता फारच थोडा दम उरलाय." तिने ट्यूब हातात घेतली, दाबली, पाणी निघालं. "ही कुठे ठेवली होती?"

बायको म्हणाली, "शाळेच्या पत्र्याच्या खोलीत."

"एप्रिलमध्ये? काकू, तिथे चणे भाजले जातील. ही मुळातच कमी होती, नकली होती की उष्णतेने बिघडली, हे मला आता सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

मला ते उत्तर आवडलं नाही. मला एक दोषी हवा होता. मी विचारलं, "मग या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही?"

तिने ट्यूब टेबलावर ठेवली. "काही कंपन्या नीट तपासून घेतात, काहींचं मी नाही सांगू शकत. दुकानात येणारी प्रत्येक ट्यूब कुणी तपासत नाही. मी स्वतः ज्या दोन-तीन वर्षानुवर्षं पेशंटना देऊन पाहिल्यात, त्याच लिहून देते. आणि आकडा खरा असला तरी तो त्या जाड थराचा आहे. काकू लावतात तेवढ्याचा नाही. शिवाय हा आकडा भाजणाऱ्या किरणांचा. न भाजता आत जाणारे किरण असतात, काकूंना तेही त्रास देतात. त्यांच्यासाठी वेगळी खूण बघायची असते." तिने आमच्या जुन्या ट्यूबवरची अधिकची चार चिन्हं दाखवली. मी ती इतके महिने पाहिलीही नव्हती.

मग ती उठली आणि बायकोच्या मागे जाऊन उभी राहिली. अंबाडा वर केला. मानेवर, केसांच्या रेषेखाली, आणि दोन्ही कानांच्या मागे लालभडक चट्टे होते. गालांपेक्षा कितीतरी जास्त.

"काकू, इथे कोण लावतं क्रीम?"

बायको म्हणाली, "इथे? इथे कुणी नाही. मला दिसतच नाही तिथलं."

"आणि मैदानावर तुम्ही मुलींकडे तोंड करून, पाठ उन्हाकडे करून उभ्या राहता?"

"नाहीतर मुलींच्या डोळ्यांवर ऊन येतं ना."

डॉक्टरने माझ्याकडे एकदा पाहिलं. एवढं तोललं, एवढं मोजलं, गच्चीवर हात भाजून घेतला, आणि तिची मान केस उचलून एकदा पाहिली नव्हती. डॉक्टरने गोळ्यांचं प्रमाण बदललं, चट्ट्यांना लावायला मलम दिलं. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं, घाम आला की पुन्हा, आणि ट्यूब थंड जागी. "पण आधी कापड," असं तीनदा बजावलं. "बाही, टोपी, छत्री. क्रीम त्यानंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आरशासमोर बसली तेव्हा मी मागे उभा राहिलो. तिने अंबाडा वर धरला. मी दोन बोटांवर क्रीम घेतलं आणि तिच्या मानेला लावायला लागलो. क्रीम गार होतं, तिने खांदे आवळले. आमच्या पिढीत नवऱ्याने दिवसाढवळ्या बायकोच्या मानेला हात लावायची रीत नव्हती. निदान आमच्या घरात तरी नव्हती. मला संकोच वाटत होता. कानामागे लावताना तिला गुदगुल्या झाल्या, ती हसली, आणि मग आरशात एकदम डोळे पुसले.

"दुखतंय का?"

"नाही. लावा तुम्ही."

मुलींना सांगायचं की नाही, यावर आमचं दोन दिवस चाललं. माझं म्हणणं, नको सांगूस, वाईट वाटेल. ती म्हणाली, मी त्यांना मैदानावर चुकली की चुकली म्हणते, आता खोटं कसं बोलू. उन्हाळी शिबिराच्या पहिल्याच दिवशी तिने मुलींना सावलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. ट्यूब पत्र्याच्या खोलीत आपणच ठेवली तेही. कप्तान मुलगी खाली मान घालून गवत उपटत राहिली. मग म्हणाली, "बाई, मग तुम्हाला आमच्यामुळं झालं का?"

बायकोने तिला जवळ ओढून घेतलं. "तुमच्यामुळं मी जानेवारीत नाचत घरी गेले होते. एवढंच झालं."

त्यानंतरच्या शनिवारी त्या मुलीची आई आमच्या दारात उभी राहिली. दिंडोरीकडून सकाळच्या एसटीने आली होती. द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी, एप्रिलच्या छाटणीने हात खरचटलेले. साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट होता. बायकोने तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने पिशवीतून एक गोष्ट काढली. जाड सुती कापडाची टोपी होती. पुढे रुंद झालर, मागे खांद्यापर्यंत येणारा पडदा, हनुवटीखाली बांधायला बंद.

"बाई, पोरीनं सांगितलं तुमच्या मानेचं. आमी बागेत दिवसभर असतो ना, आमी असंच घालतो. हे मी शिवलंय. दोन पदरी हाय."

मी सवयीने ती टोपी उचलली आणि खिडकीकडे धरून बघितली, उजेड पलीकडून येतो का ते. बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. ती बाई मात्र हसली. "बघा काका, बघा. नाय येणार. मी पन तसंच धरून बघितलं."

बायकोने तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पिठलं-भाकरी केली. पाहुणीच्या हाताच्या पाठीवरही ऊन दिसत होतं, शर्टाची बाही संपते तिथून पुढे. बायकोने उठून आमची डॉक्टरवाली नवी ट्यूब आणली आणि तिच्या हाताला लावली, भरपूर. "असं लावायचं," म्हणाली, "हरभऱ्याएवढं नाही." ती बाई लाजली आणि हात नाकाशी नेऊन वास घेतला. जाताना ट्यूब बायकोने तिच्या पिशवीत टाकली. तिने काढून ठेवली. बायकोने पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा ती राहिली.

मुख्याध्यापिकांनी सराव सकाळी सहाला सुरू करायची परवानगी दिली. आठच्या आत बायको सावलीत येते. उरलेलं ती कडुलिंबाखाली खुर्ची टाकून शिट्टीने करून घेते. पहिले काही आठवडे तिला ते फार जड गेलं. धावणाऱ्या मुलीच्या बरोबरीने कडेने धावत ओरडण्याची सवय. खुर्चीतून अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. मुली मात्र पट्कन शिकल्या. दोन डावांच्या मधे त्याच तिच्याकडे धावत यायच्या, खुर्चीभोवती उकिडव्या बसायच्या, आणि ऐकून परत पळायच्या.

पावसाळा लागेपर्यंत मानेवरचे चट्टे फिके झाले. दोन ठिकाणी पांढरट खूण राहिली आहे, ती आता जायची नाही असं डॉक्टर म्हणते. आजार गेलेला नाही. मधे एकदा आठ दिवस तिला अंथरुणातून उठवलं नाही, त्याचं कारण काही कळलं नाही. पण सांधे पुष्कळ बरे आहेत, आणि गेल्या महिन्यात एक गोळी कमी झाली.

ट्यूब विकत घेताना मी अजूनही दुकानदाराला पिडतो. तारीख बघतो, चिन्हं मोजतो, ती ऊन येणाऱ्या काचेच्या कपाटातून काढून दिली तर आतली मागतो. आकड्यावर माझा किती विश्वास आहे असं कुणी विचारलं, तर मला नीट सांगता येणार नाही. थोडा आहे. तेवढ्या विश्वासावर मी रोज सकाळी तिच्या मानेला दोन बोटं क्रीम लावतो.

फिरायला आम्ही आता दिवे लागायच्या सुमाराला जातो, गंगापूर रोडने धरणाकडे थोडं अंतर. परवा द्राक्षांच्या एका बागेशी आलो तेव्हा पश्चिमेची लाली जवळजवळ गेली होती. ती थांबली, आता बाहेर पडताना घालते त्या लांब बाह्यांच्या सुती कोटाची बटणं सोडली, कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. हात समोर धरून वारा लागू दिला.

"गार आहे हो," म्हणाली. "चला अजून पुढच्या वळणापर्यंत."